हातातल्या जुन्या गेमवर ब्रिटनच्या थिअरी टेस्टची तयारी

भारतातले लायसन्स घेऊन इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये राहायला आलेल्या माणसाला त्या लायसन्सवर पहिले बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तो शिकाऊ ठरतो, मग त्याने पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वीस वर्षे गाडी हाकलेली का असेना. ज्या देशांचे लायसन्स परस्पर बदलून मिळते त्यांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे ऑनलाइन ३४ पौंड भरून प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्स काढणे, २३ पौंडांची थिअरी टेस्ट देणे आणि मगच प्रॅक्टिकलला बसणे, हा क्रम कोणालाच चुकत नाही. थिअरी म्हणजे नुसती औपचारिकता आहे असे आपल्यातले बरेचजण समजतात. प्रत्यक्षात गेली काही वर्षे या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी उमेदवार उत्तीर्ण होत आहेत, आणि पहिल्या खेपेस मीही नापासांतच होतो.

तयारीसाठी माझ्या हाती आला तो भाच्याच्या कपाटात पडून असलेला निन्टेन्डो डीएस (हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र) आणि एका चॅरिटी शॉपमध्ये दीड पौंडाला मिळालेले थिअरी टेस्टचे गेम कार्ड. लहानपणी ज्याला आपण व्हिडिओ गेमची कॅसेट म्हणायचो, त्याचेच हे टपाल तिकिटाएवढे रूप. डीएस युरोपात २००५ च्या मार्चमध्ये आला आणि त्या दशकाच्या अखेरीस थिअरी टेस्टच्या सरावाची अशी कार्डे ब्रिटनमधल्या दुकानांत दिसू लागली. ती आजही स्वस्तात मिळतात आणि उपयोगी पडतात; मात्र त्यांतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आधी ठरवून घ्यावे लागते. माझ्या अनुभवाचा निष्कर्ष असा की प्रश्न वाचण्याचा आणि वेळेत सोडवण्याचा सराव या यंत्रावर उत्तम होतो, पण कायदा त्याच्याकडून शिकू नये.

आधी परीक्षा समजून घ्या

परीक्षेचे दोन भाग आहेत आणि दोन्ही एकाच बैठकीत उत्तीर्ण व्हावे लागतात. पहिल्या भागात ५७ मिनिटांत ५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी किमान ४३ बरोबर यावे लागतात. २८ सप्टेंबर २०२० पासून यातले तीन प्रश्न एका छोट्या व्हिडिओवर आधारलेले असतात. त्यापूर्वी त्या जागी एक लेखी प्रसंग देऊन त्यावर पाच प्रश्न विचारत. दुसरा भाग हॅझर्ड परसेप्शनचा, म्हणजे रस्त्यावर उभा राहू पाहणारा धोका वेळेवर हेरण्याचा. त्यात १४ व्हिडिओ असतात, त्यांपैकी एकात दोन धोके असतात, प्रत्येक धोक्याला जास्तीत जास्त ५ गुण, असे एकूण ७५ पैकी ४४ मिळवावे लागतात.

गेम कार्ड विकत घेताना याच आकड्यांचा उपयोग होतो. ३ सप्टेंबर २००७ पूर्वी परीक्षेत ३५ प्रश्न असत आणि ३० बरोबर आले की चाले. वेष्टनावर ३५ प्रश्नांचा उल्लेख असेल तर ते कार्ड तिथेच ठेवून द्यावे. ५० प्रश्न आणि ४३ ची अट असलेले कार्ड घ्यावे, आणि त्यातही आवृत्तीचे वर्ष जितके अलीकडचे तितके बरे.

यंत्र आणि कार्ड

मूळ डीएस, डीएस लाइट, डीएसआय आणि ३डीएस या सगळ्यांवर डीएसची कार्डे चालतात. निन्टेन्डो स्विचवर चालत नाहीत. जुने यंत्र विकत घेत असाल तर सोबत चार्जर आहे का हे आधी पाहावे, कारण मूळ डीएसचा चार्जर डीएस लाइटला बसत नाही आणि लाइटचा ३डीएसला बसत नाही. कार्ड घातल्यावर ते ओळखले गेले नाही तर फुंकर मारू नये (ही सवय आपल्या पिढीच्या हाडीमाशी खिळली आहे, हे मान्य). त्याऐवजी कानकाडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कार्डामागच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कार्ड पुन्हा घालावे.

३डीएसवर जुने कार्ड लावले की चित्र ताणले जाऊन अक्षरे धूसर दिसतात. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्टचे बटण दाबून धरले तर चित्र मूळ आकारात, लहान पण रेखीव दिसते. लांबलचक प्रश्न वाचताना या एका गोष्टीने डोळ्यांना फार आराम मिळतो.

कार्डावर आधीच्या मालकाची प्रगती साठवलेली असते. ती पुसून नवे नाव घालूनच सुरुवात करावी, नाहीतर कोणा अनोळखी मुलाचे कच्चे विषय तुमचे म्हणून दाखवले जातात. मला पहिले चार दिवस माझा सर्वांत कच्चा विषय गाडीत सामान भरण्याचा दाखवला जात होता, तो असाच.

पहिला आठवडा: गुण मोजू नका, प्रश्न वाचा

पहिल्या आठवड्यात पूर्ण चाचणी देण्याच्या भानगडीत न पडता विषयवार सराव करावा. परीक्षेचे विषय १४ आहेत: सावधपणा, वृत्ती, वाहनाची सुरक्षितता, सुरक्षित अंतर, धोक्याची जाण, पादचारी आणि सायकलस्वारांसारखे असुरक्षित घटक, इतर प्रकारची वाहने, वाहन हाताळणी, मोटरवेचे नियम, रस्त्याचे नियम, चिन्हे, कागदपत्रे, अपघात व आणीबाणी, आणि गाडीत सामान भरणे. दिवसाला दोन विषय घेतले तर आठवड्यात सगळ्यांवरून एकदा हात फिरतो.

मराठी माणसाला इथे अडवते ती गाडी नव्हे, इंग्रजी. ७ एप्रिल २०१४ पर्यंत ही परीक्षा हिंदी, गुजराती, उर्दू अशा भाषांतल्या ध्वनिफितीच्या मदतीने देता येत असे. मराठीला ती सोय तेव्हाही नव्हती. आता ती सगळ्यांसाठीच बंद झाली आहे. म्हणून प्रश्नातल्या 'नॉट', 'एक्सेप्ट', 'अनलेस', 'लीस्ट' या शब्दांवर बोट ठेवून वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. माझी पहिल्या आठवड्यातली निम्मी चुकीची उत्तरे नियम न कळल्याने आलेली नव्हती. 'काय करू नये' असे विचारलेले असताना मी 'काय करावे' हे निवडले होते. हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तकात, 'मस्ट' आणि 'शुड' हे शब्द सैलपणे वापरलेले नाहीत, हेही इथेच ध्यानात घ्यावे. 'मस्ट' म्हणजे मागे कायदा उभा आहे आणि मोडल्यास तो गुन्हा आहे. 'शुड' म्हणजे सल्ला, जो न पाळल्यास गुन्हा होत नाही, पण अपघाताच्या खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

काही शब्द आपल्या कानावर कधी पडलेलेच नसतात. 'फोर्ड' म्हटले की आपल्याला मोटार कंपनी आठवते. परीक्षेत त्याचा अर्थ रस्त्याला आडवा जाणारा ओढा, जो पुलाशिवाय पाण्यातूनच ओलांडायचा असतो. कोकणातला किंवा मावळातला माणूस अशा पाण्यातून शंभरदा गेलेला असतो, पण पलीकडे गेल्यावर पहिले काम ब्रेक तपासण्याचे, हे उत्तर त्याला सुचत नाही. 'कॉन्ट्राफ्लो' म्हणजे दुरुस्तीमुळे समोरची वाहतूक तुमच्याच बाजूच्या लेनमधून वळवलेली असणे. पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगला तर चक्क प्राण्यापक्ष्यांची नावे आहेत. झेब्रा आपल्या ओळखीचा. पेलिकनला लाल दिव्यानंतर पिवळा दिवा लुकलुकतो, पफिनला लुकलुकणारा पिवळा नसतो. टूकनवरून पादचारी आणि सायकलस्वार दोघेही जातात. आणि पेगासस घोडेस्वारांसाठी असते. ही यादी मी स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवली होती आणि आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीला ती माझ्या आधी पाठ झाली.

वही

गेम तुमचे उत्तर चूक की बरोबर एवढेच सांगतो. फार तर एक ओळीचे स्पष्टीकरण देतो आणि पुढच्या प्रश्नावर जातो. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की आपण तो नियमामुळे नव्हे, पर्यायाच्या ठेवणीवरून ओळखतो. 'तो लांब वाक्याचा तिसरा पर्याय' असे डोळ्यांना पाठ होते. एकेकाळी अशा घोकंपट्टीने काम भागत असे, कारण खऱ्या परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे प्रसिद्ध होत. जानेवारी २०१२ पासून ते बंद झाले. आता सरावाचे प्रश्न आणि परीक्षेतले प्रश्न एकाच नियमावर असले तरी शब्दांनी वेगळे असतात, त्यामुळे नियम कळला नसेल तर पाठांतर उपयोगी पडत नाही.

यावर उपाय म्हणजे शंभर पानी वही. चुकलेला प्रत्येक प्रश्न मराठीत, आपल्या शब्दांत, एका ओळीत लिहावा. शेजारी आपण काय निवडले आणि का निवडले ते लिहावे. आणि मग हायवे कोड उघडून त्या नियमाचा क्रमांक टाकावा. हायवे कोड सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. 'का निवडले' हा रकाना गाळू नये, कारण खरी माहिती त्यातच मिळते. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: 'समोरच्या गाडीने हेडलाइट लुकलुकवले. मी निवडले: थांबा, कारण तो आधी जाणार आहे. बरोबर: तो आहे एवढेच कळवतो आहे, स्वतः बघून ठरवा. नियम ११०.' मुंबई-पुणे महामार्गावर लुकलुकणारा हेडलाइट म्हणजे 'बाजूला हो, मी येतोय'. ब्रिटनमध्ये काहीजण तो 'या, तुम्ही आधी जा' अशा अर्थाने वापरतात. परीक्षेला दोन्ही अर्थ मान्य नाहीत.

आठवड्याभरात अशा नोंदींत एक धागा दिसू लागला. माझ्या चुका बहुतेक तिथेच होत होत्या, जिथे भारतातली सवय उत्तर देत होती. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायचा नाही, आणि धोका नसेल तर उभ्या गाडीतून कधीच वाजवायचा नाही. सिग्नलला लाल आणि पिवळा एकत्र लागले तरी हिरवा लागेपर्यंत हलायचे नाही. आपल्याकडे हा जोडदिवा नसल्याने त्याचा अर्थ 'निघा' असाच वाटतो. राउंडअबाउटला (वर्तुळाकार चौकात) उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम आपल्याकडेही पुस्तकात आहे. इथे तो पाळतात.

कार्डावरचे शिळे प्रश्न

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर चुकीची उत्तरे पक्की पाठ होतात. २००९-१० च्या कार्डाला त्यानंतरच्या कायद्याची खबर नसते. खालील मुद्द्यांवरचा प्रश्न आला की गेमच्या गुणांकडे दुर्लक्ष करून वहीत आजचे उत्तर लिहावे.

काचेवर लावायचा टॅक्स डिस्क १ ऑक्टोबर २०१४ ला रद्द झाला; वाहनकर भरावाच लागतो, पण कागद लावायचा नसतो. फोटो लायसन्ससोबतचा कागदी जोडभाग ८ जून २०१५ पासून इतिहासजमा झाला आहे. गाडी चालवताना मोबाइल हातात घेतल्यास जुने कार्ड ३ पेनल्टी पॉइंट (लायसन्सवर नोंदले जाणारे दंडगुण) सांगेल. १ मार्च २०१७ पासून ६ पॉइंट आणि २०० पौंड दंड आहे. याचा एक उपसिद्धान्तही परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की ते रद्द होते, म्हणजे नव्या चालकाला मोबाइलची ही एकच चूक पुरेशी आहे. शिकाऊ चालकाला मोटरवेवर बंदी असल्याचे जुने कार्ड ठामपणे सांगते. ४ जून २०१८ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षक सोबत असेल आणि गाडीला दुहेरी नियंत्रण (प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक) असेल तर जाता येते. स्कॉटलंडमध्ये मद्याची मर्यादा ५ डिसेंबर २०१४ पासून १०० मिलिलिटर रक्तामागे ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये ती ८० आहे. वेल्समध्ये वस्तीतल्या, कडेला दिवे असलेल्या रस्त्यांवर सर्वसाधारण वेगमर्यादा १७ सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैल झाली. इतरत्र ती बहुतेक ठिकाणी ३० आहे.

सर्वांत मोठा फरक मात्र २९ जानेवारी २०२२ चा. त्या दिवशी हायवे कोडमध्ये रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड आली: ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. जुन्या कार्डावर 'तुम्ही बाजूच्या रस्त्यात वळत आहात, पादचारी काय करत असेल तर थांबाल?' या प्रश्नाला 'त्याने ओलांडायला सुरुवात केली असेल तर' हे उत्तर बरोबर धरले जाते. आजच्या नियमाप्रमाणे ओलांडण्यासाठी कडेला थांबलेल्यालाही आधी जाऊ द्यावे. सायकलस्वाराला ओलांडून जाताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर सोडावे, हा आकडाही त्याच वेळचा.

याउलट काही गोष्टी कार्डावरून निर्धास्त शिकाव्यात, कारण त्या बदललेल्या नाहीत. टायरच्या खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर, पावसात दुप्पट, बर्फावर दहापट. मोटरवेवरचे चमकते खुंटे: डाव्या कडेला लाल, लेनच्या मधे पांढरे, दुभाजकाशी पिवळसर, स्लिप रोडच्या (मोटरवेवर चढण्या-उतरण्याच्या रस्त्याच्या) तोंडाशी हिरवे. थांबण्याचे अंतर: ताशी २० मैलांना १२ मीटर, ३० ला २३, ४० ला ३६, ५० ला ५३, ६० ला ७३ आणि ७० ला ९६. हे पाठ होत नसेल तर फुटांत काढावे. २० ला २ ने गुणावे, ३० ला अडीचने, ४० ला ३ ने, ५० ला साडेतीनने, ६० ला ४ ने आणि ७० ला साडेचारने. म्हणजे ४०, ७५, १२०, १७५, २४०, ३१५ फूट. ज्यांना शाळेत अडीचकी, औटकी पाठ करायला लावली त्यांना याची गंमत वाटेल.

दुसरा आणि तिसरा आठवडा: घड्याळ लावून

आता पूर्ण चाचण्या द्याव्यात, दिवसाला एक. ५७ मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे प्रत्येकाला साधारण ६८ सेकंद. वेळ भरपूर असतो आणि घाईच जास्त नडते. डीएसचे झाकण मिटले की यंत्र झोपते आणि घड्याळही थांबते. बसमध्ये ही सोय वाटते, पण चाचणीच्या वेळी तीच पळवाट ठरते. म्हणून पूर्ण चाचणी घरी, एका बैठकीत, झाकण न मिटता द्यावी आणि बस-ट्रेनमधला वेळ विषयवार सरावाला ठेवावा. अडलेला प्रश्न खूण करून पुढे जाण्याची सोय खऱ्या परीक्षेतही आहे. तिचा सराव इथेच करावा.

सलग पाच चाचण्यांत ४७ च्या वर गुण येऊ लागले की कार्ड बाजूला ठेवावे. त्यापुढचे गुण पाठांतराचे असतात. सरकारी संकेतस्थळावर फुकट सराव चाचणी आहे, ती न पाहिलेल्या प्रश्नांवर आपण कुठे उभे आहोत ते दाखवते. माझे कार्डावरचे ४९ तिथे ४२ झाले, तेव्हा कुठे मी वही पुन्हा उघडली.

हॅझर्ड परसेप्शन: इथे कार्डावर विसंबू नका

डीएसचा प्रत्येक पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. त्यावर दाबून लहान केलेल्या व्हिडिओत लांबचा सायकलस्वार चार-पाच ठिपक्यांचा होतो आणि तो दिसेपर्यंत पाच गुणांची वेळ निघून गेलेली असते. शिवाय तिथे पडद्यावर यंत्राची काडी (स्टायलस) टेकवायची, तर परीक्षेत माउस क्लिक करायचा. २०१५ पासून परीक्षेतले व्हिडिओ संगणकावर तयार केलेले असतात. कार्डावरचा हा भाग कल्पना येण्यापुरता दोन-तीनदा करावा आणि मग परीक्षा घेणाऱ्या डीव्हीएसएच्या अधिकृत अॅपवर किंवा संगणकावरच्या व्हिडिओंवर, शक्यतो माउसनेच, सराव करावा.

अनुभवी चालक इथे नापास होतात ते असे. व्हिडिओत डावीकडे कडेला एक पांढरी व्हॅन उभी आहे. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला ती दिसताक्षणी कळते की ही आता निघणार. तो क्लिक करतो आणि आपले काम झाले म्हणून पुढे पाहू लागतो. परंतु उभी व्हॅन हा नुसता संभव आहे. तिचा उजवा इंडिकेटर लागतो किंवा पुढचे चाक वळते, म्हणजे तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागेल अशी परिस्थिती येऊ लागते, तिथे गुणांची खिडकी उघडते. त्या खिडकीचे पाच भाग असतात. पहिल्या भागात क्लिक केले तर ५, मग ४, ३, २, १. खिडकी उघडण्यापूर्वीच्या क्लिकला शून्य. पहिल्या परीक्षेत मला प्रश्नांत ४७ आणि इथे ४१ मिळाले, ते याच उतावीळपणामुळे.

उपाय सोपा आहे. व्हॅन दिसली की एकदा, इंडिकेटर लागला की एकदा आणि ती हलू लागली की आणखी एकदा क्लिक करावे. जास्तीच्या क्लिकला दंड नाही. मात्र सतत किंवा ठेका धरल्यासारखे क्लिक केले तर त्या व्हिडिओचे सगळे गुण जातात. प्रत्येक क्लिकला काहीतरी कारण हवे. सराव करताना मी क्लिक करताना ते कारण मोठ्याने म्हणत असे: 'व्हॅन... इंडिकेटर... निघाली.' घरच्यांना त्रास झाला, पण ठेका आपोआप मोडला.

परीक्षेच्या दिवशी

फोटो असलेले प्रोव्हिजनल लायसन्स सोबत न्यावे; ते नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि पैसेही जातात. फोन, घड्याळ, वही सगळे लॉकरमध्ये जाते. दोन भागांच्या मध्ये तीन मिनिटांपर्यंत थांबता येते. ती विश्रांती घ्यावी, डोळे मिटावेत आणि वाचणाऱ्या मनाला बघण्याच्या कामाकडे वळवावे.

निकाल केंद्रावरच मिळतो. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. त्या मुदतीत प्रॅक्टिकल झाले नाही तर थिअरी पुन्हा द्यावी लागते, त्यामुळे प्रॅक्टिकलची तारीख शोधायला त्याच दिवशी लागावे. नापास झालात तर किमान तीन कामकाजाचे दिवस सोडून पुन्हा बसता येते. निकालपत्रावर कोणत्या विषयांत गुण गेले ते लिहिलेले असते. तेवढेच विषय कार्डावर पुन्हा लावावेत, आणि त्याआधी वहीतली त्या विषयांची पाने वाचावीत.